उघडणे आणि फोडणे

कबनूरमध्ये आवाज ही मुद्दाम सांगायची गोष्ट नाही. इचलकरंजीच्या खांद्याला खांदा लावून वाढलेल्या या गावात माग चालू असले की खडखडाट असायचाच. लक्षात येते ती वीज गेल्यावर एकदम पडणारी शांतता. १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसला. त्यानंतरच्या पिढ्या याच आवाजात जन्मल्या, वाढल्या, रोजीरोटीला लागल्या, आणि त्यांतल्या कितीतरी जणांचे कान म्हातारपणाच्या आधीच मंदावले. आवाज ही एक शक्ती आहे आणि ती शरीरावर आघात करते, हे इथे कुणाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. त्यामुळे हाच आवाज लसीला पेशीच्या आत जायला मदत करू शकतो, हे वाचल्यावर त्याकडे केवळ विज्ञानातली एक नवलाई म्हणून पाहणे मला जमले नाही. जी शक्ती कान बधिर करते ती औषधाला वाट कशी करून देईल? आणि तिने काय करावे, हे ठरते कशाने?

हा आवाज अर्थात मागाचा नव्हे. माणसाच्या कानाची धाव सेकंदाला साधारण २० हजार कंपनांपर्यंत असते. त्यापलीकडचा तो श्राव्यातीत ध्वनी. सोनोग्राफीच्या यंत्रात ही कंपने सेकंदाला काही दशलक्ष असतात. आपल्याला ऐकू येत नाही म्हणून तो सौम्य असतो, असे मात्र मुळीच नाही.

लसीचा प्रश्न आधी नीट समजून घेतला पाहिजे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली आणि हिंदुस्थानात लसीकरण सुरू झाले. १८९७ च्या जानेवारीत वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस मुंबईतच तयार करून प्रथम स्वतःला टोचून घेतली. या जुन्या लसींची रीत सरळ होती. ज्याला ओळखायचे तो जंतू, मेलेला किंवा दुबळा केलेला किंवा त्याचा एखादा नातलग, शरीरात नेऊन ठेवायचा. प्रतिकारशक्तीची पथके त्याला पाहतात, पारखतात आणि लक्षात ठेवतात. लस कातडीखाली गेली की तिचा प्रवास संपला.

जनुकीय लसीचा प्रवास तिथे सुरू होतो. तिच्यात जंतू नसतो. जंतूच्या एका प्रथिनाची कृती तेवढी लिहिलेली असते, डीएनएच्या किंवा एमआरएनएच्या लिपीत. ती कृती वाचून प्रथिन घडवायचे काम आपल्याच पेशींनी करायचे. म्हणजे लस शरीरात शिरून भागत नाही, तिला पेशीत शिरावे लागते. एमआरएनए पेशीच्या द्रवात पोचला की त्याचे काम सुरू होते. डीएनएला तेवढ्यानेही पुरत नाही; त्याला आणखी आत, केंद्रकापर्यंत जावे लागते.

या प्रवेशाची किंमत किती, हे कोविडच्या लसींच्या मात्रांवरून दिसते. ऑगस्ट २०२१ मध्ये भारताने अहमदाबादच्या झायडसची झायकोव्ह-डी ही लस आपत्कालीन वापरासाठी मंजूर केली. माणसांसाठी मंजूर झालेली ती जगातली पहिली डीएनए लस. तिच्या प्रत्येक मात्रेत २ मिलिग्रॅम डीएनए होता आणि अशा तीन मात्रा घ्यायच्या होत्या. फायझरच्या एमआरएनए लसीची प्रौढांची मात्रा होती ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे त्याच्या साठाव्या हिश्श्याहूनही कमी. दोन्ही लसी एका मापाने मोजता येणार नाहीत, त्यांची रसायने वेगळी. तरी एवढा फरक पडण्यामागे एक मोठे कारण हेच, की उघड्या डीएनएतला फारच थोडा भाग योग्य ठिकाणी पोचतो. बाकीचा वाटेतच तुटतो, पचतो, वाया जातो. दुसरीकडे डीएनए टिकाऊ असतो, त्याला खोल गोठणीची गरज नसते, आणि ज्या देशात शेवटचे उपकेंद्र डांबरी रस्त्यापासून दूर असते तिथे हा गुण लाखमोलाचा ठरतो. मग अडले कुठे? शेवटच्या काही नॅनोमीटरवर. कारखान्यापासून दंडापर्यंतचा शेकडो किलोमीटरचा रस्ता आपण पार करतो आणि पेशीच्या आवरणापाशी येऊन थांबतो.

ते आवरण सुमारे ५ ते १० नॅनोमीटर जाडीचे, स्निग्ध रेणूंचे. त्याच्या बाहेरच्या बाजूला ऋण भार असतो, डीएनएच्या कण्यावरही ऋण भारच. दोघे एकमेकांना दूर लोटतात. शिवाय लसीतला डीएनएचा गोफ उलगडला तर एक-दोन मायक्रोमीटर लांब भरेल, म्हणजे आवरणाच्या जाडीच्या शेकडो पट. १९९० मध्ये अमेरिकेतल्या वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या स्नायूत उघडा डीएनए टोचून पाहिला, आणि स्नायूपेशींनी तो वाचून खरोखर प्रथिन बनवले. जनुकीय लसीची कल्पना तिथून जोर धरू लागली. मात्र स्नायूत जे थोडेफार झाले ते भरपूर कसे व्हावे, या प्रश्नावर पुढची तीन दशके गेली. कुणी सोन्याच्या सूक्ष्म कणांना डीएनए चिकटवून तो गोळीसारखा कातडीत मारला. कुणी विजेचे झटके देऊन आवरणाला क्षणभर भोके पाडली. कुणी स्निग्ध रेणूंच्या थेंबात गुंडाळून एमआरएनए पाठवला. कोविडमध्ये जगभर गाजली ती ही रीत. झायकोव्ह-डीसाठी सुईऐवजी द्रवाची जोरदार बारीक धार कातडीत सोडणारे उपकरण वापरले गेले. पुण्याच्या जिनोव्हाची ओमायक्रॉनविरोधी एमआरएनए लस जून २०२३ मध्ये मंजूर झाली, तीही अशीच कातडीत, सुईविना द्यायची. आणि कोरडी भुकटी करून ती साध्या फ्रिजच्या तापमानात ठेवता येते. म्हणजे प्रवेशाचा प्रश्न आपल्यापासून दूर कुठे परदेशी प्रयोगशाळेत नाही. हिंजवडीत आणि अहमदाबादेत त्यावर रोज डोकी चालली आहेत.

ध्वनीची वाट या सगळ्यांहून निराळी, आणि तिची गुरुकिल्ली आहे बुडबुडा. सोनोग्राफी करताना पोटावर थंडगार जेली लावतात. तिचे काम एकच: यंत्राची दांडी आणि कातडी यांच्यामधली हवा घालवणे. हवेचा पातळ थर राहिला तरी हा ध्वनी जवळजवळ सगळाच्या सगळा परत फिरतो. बाहेर जी हवा ध्वनीला अडवते तीच शरीराच्या आत, बुडबुड्याच्या रूपात, त्याचे हत्यार होते. यासाठी मुद्दाम तयार केलेले सूक्ष्म बुडबुडे असतात. व्यास १ ते १० मायक्रोमीटर, पोटात एखादा निष्क्रिय, जड वायू, वर स्निग्ध रेणूंचे किंवा प्रथिनाचे कवच. हृदयाची सोनोग्राफी स्पष्ट दिसावी म्हणून डॉक्टर ते शिरेतून देतात, इतके ते सरावाचे झाले आहेत.

अशा एका बुडबुड्याजवळ जाऊन पाहू. तो पेशीला टेकून आहे. ध्वनीची लाट आली: दाब वाढला की तो आकसतो, कमी झाला की फुगतो. लाटेची वारंवारता एक दशलक्ष असेल तर हे आकसणे-फुगणे सेकंदाला दहा लाख वेळा होते. भोवतीचा द्रव घुसळला जातो, पेशीच्या आवरणावर ताण येतो, ते ओढले-दाबले जाते आणि त्याला बारीक छिद्रे पडतात. त्या क्षणी जवळ डीएनए असेल तर तो आत जाऊ शकतो. छिद्रातून बाहेरचे कॅल्शियमही आत शिरते, आणि गंमत अशी की तेच कॅल्शियम पेशीला दुरुस्तीची वर्दी देते. काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत आवरण सांधले जाते. जखम आणि जखमेची खबर एकाच वाटेने आत येतात.

लाटेचा जोर वाढवला की चित्र पालटते. बुडबुडा हद्दीपलीकडे फुगतो आणि मग कोसळतो. कोसळताना त्याच्यातून द्रवाची सुईसारखी धार सुटते, आणि त्याच्या गाभ्यात मायक्रोसेकंदभर काही हजार अंश तापमान होऊ शकते. या कोसळण्याचे गणित लॉर्ड रेले यांनी १९१७ मध्ये मांडले. त्यामागचा प्रश्न होता जहाजांच्या पंख्यांचा: भक्कम धातू पाण्यात फिरून फिरून कुरतडला का जातो? त्याच सुमारास, पहिल्या महायुद्धात, पॉल लांजव्हँ पाणबुड्या शोधण्यासाठी श्राव्यातीत ध्वनीचे प्रयोग करत होते. ध्वनीच्या झोतात आलेले मासे मरतात आणि पाण्यात हात घातला तर तो दुखतो, हे त्यांना दिसले. आज ज्या ध्वनीने आपण गर्भातल्या हृदयाची पहिली फडफड पाहतो, त्याचा सजीवांशी झालेला पहिला नोंदलेला परिचय हा असा, मेलेल्या माशांचा. माणसाच्या शरीरात डोकावण्यासाठी त्याला शांत, माफक रूप द्यायला पुढे चाळीस वर्षे लागली. ग्लासगोच्या इयन डोनल्ड यांचा प्रसिद्ध शोधनिबंध १९५८ चा.

बुडबुड्याच्या या विद्येचे एक मोठे पीठ मुंबईत माटुंग्याला आहे, याचा मराठी वाचकाला आनंद वाटायला हरकत नाही. पूर्वी यूडीसीटी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत प्रा. अनिरुद्ध पंडित आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कॅव्हिटेशनवर, म्हणजे द्रवात असे बुडबुडे उत्पन्न होऊन कोसळण्याच्या क्रियेवर, दीर्घकाळ काम केले. पाण्यातले जंतू मारणे, पेशी फोडून आतली विकरे बाहेर काढणे अशा कामांसाठी त्यांनी कोसळणारा बुडबुडा राबवला. याच संस्थेतून बाहेर पडलेले समीर मित्रगोत्री पुढे अमेरिकेत एमआयटीत गेले, आणि १९९५ मध्ये त्यांनी आपल्या मार्गदर्शकांसह दाखवून दिले की कमी वारंवारतेचा श्राव्यातीत ध्वनी लावला तर इन्शुलिनसारखी मोठी प्रथिनेही कातडीतून आत जाऊ शकतात. एकाच संस्थेच्या अंगणातल्या या दोन वाटा मला फार अर्थपूर्ण वाटतात. एकीकडे बुडबुडा जंतूची पेशी फोडतो, दुसरीकडे तोच कातडीला तात्पुरती वाट पाडतो. भौतिकशास्त्र एकच. दोहोंतला फरक आहे तो जोराचा, वेळेचा आणि जागेचा.

कबनूरच्या माणसाला हा फरक समजायला वेळ लागू नये. कापडातून सुई जाते तेव्हा धागे सहसा तुटत नाहीत. ते बाजूला सरतात, सुईला वाट देतात आणि पुन्हा जवळ येतात. बोथट सुई जोराने खुपसली तर तेच कापड फाटते, आणि फाटल्या जागेतून सगळे उसवत जाते. पेशीचे आवरण कापडापेक्षा कितीतरी प्रवाही, स्वतःला सांधणारे. तरी त्याच्याही सहनशीलतेला हद्द आहे. ती ओलांडली की पेशी मरते, आणि मेलेली पेशी लसीची कृती वाचू शकत नाही. म्हणून या तंत्राची सगळी विद्या एका अरुंद पट्ट्यात सामावली आहे: छिद्र पडावे इतका जोर हवा, पेशी मरू नये इतकाच हवा. पट्ट्याच्या अलीकडे काहीच घडत नाही, पलीकडे नाश घडतो. औषध आहे ते मधल्या पट्टीत.

१९८७ मध्येच संशोधकांनी ध्वनीच्या साहाय्याने प्राण्यांच्या पेशींत डीएनए घालून दाखवला होता. २०२३ च्या डिसेंबरात ऑक्सफर्डच्या डार्सी डन-लॉलेस यांनी सिडनीतल्या एका परिषदेत आपल्या गटाचे निष्कर्ष मांडले. उंदरांवरच्या प्रयोगात त्यांनी कातडीवर ध्वनी आणि बुडबुडे यांच्या मदतीने, सुईविना लस दिली. टोचणीच्या तुलनेत लसीचे रेणू सुमारे ७०० पटींनी कमी पोचले, तरी प्रतिकाराचा प्रतिसाद मात्र जास्त मिळाला. डीएनए लसींना ही वाट विशेष मानवेल, असे त्यांचे म्हणणे. उंदराची कातडी पातळ असते आणि माणसापर्यंतचा रस्ता लांब आहे, त्यामुळे उद्याच सुया हद्दपार होतील असे कुणी समजू नये. पण थोडक्यात जास्त साधण्याची ही शक्यता आपल्यासारख्या देशाला विचारात पाडणारी आहे. मात्रा छोटी म्हणजे एका कुपीत अधिक बाळे. सुई नाही म्हणजे तिचा पुनर्वापर नाही, कचऱ्यात टोचून होणारी इजा नाही, आणि लसीच्या दिवशी बाळाचे दंड धरून तोंड फिरवणारी आईही नाही.

कबनूरच्या संदर्भात मला एक लस प्रकर्षाने आठवते. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. हजारो माणसे पिवळी पडली, काही दगावली. पंचगंगेचे दूषित पाणी, त्यातून पसरलेला हिपॅटायटिस-ई. हा विषाणू एरवी बहुतेकांना काही आठवड्यांत सोडतो, पण शेवटच्या तिमाहीतल्या गरोदर बाईला तो सहजी सोडत नाही. लागण झालेल्या अशा बायकांत मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. या विषाणूच्या इतिहासात पुण्याचा वाटा मोलाचा आहे. १९५५-५६ च्या दिल्लीतल्या साथीत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली होती. तेव्हा जपून ठेवलेले रक्तनमुने पुढे तपासले गेले आणि ही कावीळ तोवर माहीत असलेल्या ए किंवा बी प्रकारची नव्हे, हे १९८० मध्ये पुढे आले. त्या संशोधनात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या डॉ. खोर्शेद पावरी आणि त्यांचे सहकारी होते. याच संस्थेत डॉ. विद्या अरणकल्ले यांच्या गटाने हिपॅटायटिस-ईविरुद्ध डीएनए लसीवर काम केले. २००९ मध्ये माकडांवरचे त्यांचे प्रयोग प्रसिद्ध झाले: नुसता डीएनए, आधी डीएनए मग प्रथिन, आणि स्निग्ध वेष्टनात गुंडाळलेले डीएनए व प्रथिन असे तीन मार्ग त्यांनी पारखले. तीन मार्ग का? कारण प्रश्न तोच, आत कसे जायचे. इचलकरंजीत साथ येण्याच्या तीन वर्षे आधी, दोन-अडीचशे किलोमीटरवर, त्याच रोगावरच्या लसीची कृती लिहून तयार होती आणि संशोधक तिला पेशीत शिरायची वाट शोधत होते. चीनने २०११ मध्ये प्रथिनावर आधारलेल्या लसीला परवाना दिला, पण ती आपल्या बायाबापड्यांपर्यंत आली नाही.

गरोदर बाई आणि श्राव्यातीत ध्वनी यांचा उल्लेख एकत्र आला की कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसाला वेगळे काही आठवले पाहिजे. २००१ च्या जनगणनेत या जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटातल्या हजार मुलांमागे मुली होत्या ८३९. राज्याचा आकडा ९१३. ऊस, दूध, सहकार, कुस्ती, शाहू महाराजांचा वारसा, सगळे असलेल्या या समृद्ध जिल्ह्यात मुली जन्मालाच येत नव्हत्या, आणि त्यामागे हाच ध्वनी होता. लाटा तेवढ्याच सौम्य, पेशीला इजा न करणाऱ्या. यंत्राने कुठलीही तांत्रिक मर्यादा ओलांडली नव्हती. ओलांडली होती ती पाहणाऱ्याने आणि विचारणाऱ्याने. गर्भलिंग निदान रोखणारा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, महाराष्ट्राने केला. केंद्राचा आला १९९४ मध्ये. तरी आकडे घसरत गेले. मग जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या काळात सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ जोडले गेले, प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारे. या सक्तीला न्यायालयात आव्हान दिले गेले. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती योग्य ठरवली. त्या वर्षीच्या जनगणनेत राज्याचा आकडा ८९४ पर्यंत खाली आला असताना कोल्हापूरचा ८६३ पर्यंत वर चढला. समाधान मानावे असा हा आकडा नव्हे. पण उतरती रेषा वळवता येते, एवढे त्याने सिद्ध केले.

आजही इथल्या कुठल्याही सोनोग्राफी केंद्रात गेलात तर ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी भिंतीवर असते, ‘एफ’ फॉर्म भरला जातो, त्यावर सही होते, आणि मगच दिवा मंद होतो. काहींना ही कटकट वाटते. मला त्या कागदात आणि बुडबुड्याच्या गणितात एकच तत्त्व दिसते. प्रयोगशाळेत दाबाची हद्द आखली म्हणून ध्वनी पेशीला फोडत नाही, उघडतो. समाजात वापराची हद्द आखली तरच तो गर्भाला राखतो. पहिली हद्द निसर्गाने घालून दिलेली. ती मोडली तर पेशी तत्काळ मरते आणि प्रयोग फसतो, म्हणून शास्त्रज्ञ तिला विसरू शकत नाही. दुसरी माणसांनी घातलेली. ती मोडली तर मोडणाऱ्याचे काहीच बिघडत नाही, उलट त्याला पैसे मिळतात. म्हणूनच ती जास्त जपावी लागते. शक्तीचे औषध होते ते मर्यादेमुळे, आणि मर्यादा आपोआप पाळली जात नाही. कुणाला तरी ती रोज पाळावी लागते.

उद्या लसीकरणाच्या सत्राला असे एखादे उपकरण खरोखर आले तर ते चित्र काढणारे असणार नाही. कायद्याचा रोख गर्भ दाखवू शकणाऱ्या यंत्रावर आहे. कातडीवर बुडबुडे नाचवणारी छोटी दांडी ही वेगळी वस्तू आहे, हे नियम करणाऱ्यांना आधीच स्पष्ट लिहावे लागेल. नाहीतर एकतर निष्पाप उपकरण परवान्यांत अडकून पडेल किंवा त्याच्या नावाखाली दुसरे यंत्र गावोगाव फिरेल. दोन्ही गोष्टी परवडणार नाहीत. आणि बायका त्या दांडीकडे संशयाने पाहतील, तर त्यांना अडाणी ठरवण्याचा अधिकार या जिल्ह्यात कुणालाही नाही. त्यांच्या संशयाला इतिहास आहे. यंत्र काय करते, काय करू शकत नाही, जोर किती आहे, तो कुणी ठरवला, हे त्यांच्या भाषेत सांगणे हा उपचाराचाच भाग धरला पाहिजे. पेशीचे आवरण छिद्र पडूनही पुन्हा सांधते. एकदा फसवल्या गेलेल्या माणसांचा विश्वास तितक्या लवकर सांधत नाही.

आणखी एक हद्द लसीची स्वतःची. हिपॅटायटिस-ईवर उद्या उत्तम डीएनए लस आली, ध्वनीने ती अलगद पेशीत नेली, तरी पंचगंगेत सांडपाणी सोडायची मुभा त्यातून मिळत नाही. लस एका विषाणूला ओळखायला शिकवते. नदीतला रंग, रसायन आणि मैला ती ओळखत नाही. गरोदर बाईच्या पेशीला संरक्षण द्यायचे आणि तिच्या हंड्यात तेच पाणी ओतायचे, यात विज्ञानाचा गौरव नाही. शेवटच्या काही नॅनोमीटरवर जी काळजी आपण घ्यायला शिकतो आहोत, ती नदीकाठच्या प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी घेतली गेली, तर त्या लसीचे काम निम्मे हलके होईल. आत पोचण्याच्या विद्येइतकीच काय आत जाऊ द्यायचे याची विद्याही आपल्याला लागणार आहे. पहिली ऑक्सफर्ड, माटुंगा आणि पुणे मिळून शिकवतील. दुसरी कबनूर, इचलकरंजी आणि पंचगंगेच्या काठावरच्या गावांनी स्वतःच शिकायची आहे, आणि तिच्यासाठी प्रयोगशाळा उभी राहण्याची वाट पाहण्याचे काही कारण नाही.